उतारवयातील उतार

पुणे जिल्ह्यातील तोरणा आणि राजगड हे दोन दुर्ग ज्या डोंगरधारेने एकमेकांशी जोडलेले आहेत, ती धार सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाची असून, तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरून राजगडाच्या संजीवनी माचीवर चढण्यात दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो. ही निव्वळ पायवाट नव्हे आणि दोर लावून करायचे प्रस्तरारोहणही नव्हे. काही ठिकाणी पायांबरोबर हातही टेकावे लागतील, अशी ती मधल्या प्रतीची चाल आहे. साठी ओलांडलेल्या आईला किंवा वडिलांना सोबत घेऊन ती करायची म्हटले, की घरात पहिली चर्चा होते ती तोरण्याच्या १,४०३ मीटर उंचीची आणि चढताना लागणाऱ्या दमाची. प्रत्यक्षात खरा कस लागतो तो उतरताना.

याचे एक कारण डोंगराच्या घडणीत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थिजून त्यांचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट झाला. यांतील टणक थर झिजेला दाद देत नाहीत आणि कड्यांच्या रूपाने उभे राहतात, तर दोन टणक थरांमधला मऊ, सच्छिद्र भाग लवकर झिजून तेथे मुरमाड उतार तयार होतो. त्यामुळे सह्याद्रीची धार एकसारखी चढत-उतरत नाही. थोडी सपाटी, मग कातळटप्पा, त्याखाली घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारे सुटे दगड आणि बारीक खडी, असा तिचा क्रम असतो. शिवाय जेथे दोन्ही बाजूंना दरी उघडी पडते, तेथे वाट पुरेशी रुंद असूनही मन कचरते. गिर्यारोहकांच्या भाषेत यालाच दृष्टिभय म्हणतात.

दुसरे कारण शरीरात आहे. वयानुसार हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा खाली येते आणि प्राणवायू वापरण्याची क्षमता घटते, हे खरेच; परंतु चढावरची ही उणीव वेळ देऊन भरून काढता येते, कारण दम लागला तर थांबता येते, आणि गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने चालले तर बहुधा फारसे बिघडत नाही. घसरलेला पाय मात्र अशी सवड देत नाही. तोल सांभाळण्याचे काम डोळे, आंतरकर्णातील संतुलनेंद्रिय आणि सांधे व स्नायूंकडून मेंदूला मिळणारी शरीरस्थितीची जाणीव अशा तिघांच्या संगनमताने चालते, आणि ही तिन्ही वयानुसार थोडी थोडी मंदावतात. त्यातच झटकन जोर लावणारे स्नायुतंतू इतरांपेक्षा अधिक क्षीण होत असल्याने, चूक लक्षात आली तरी ती सावरायला उशीर होतो. चष्म्याचा मुद्दा तर सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही: दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगांचा खालचा भाग वाचनासाठी असतो, त्यामुळे खाली पाहताना नेमकी पुढची पायरी धूसर दिसते, आणि म्हणून अशा वाटेवर केवळ दूरच्या नजरेचा साधा चष्मा अधिक भरवशाचा ठरतो.

जपानचे युइचिरो मिउरा यांनी २०१३ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, मुलगा गोता याच्यासह एव्हरेस्टचे शिखर गाठले, ही घटना अशा चर्चेत हमखास सांगितली जाते. मात्र उतरताना त्यांना साडेसहा हजार मीटरच्या आसपासच्या तळावरून हेलिकॉप्टरने खाली आणावे लागले, हा तिचा उत्तरार्ध सहसा गाळला जातो. त्यात उणेपणा मुळीच नाही. उतार किती मागतो, एवढेच त्यातून कळते.

धारेवर दोघांनी कसे चालावे, याचे काही संकेत अनुभवातून रूढ झाले आहेत. कातळटप्पा उतरताना तरुणाने आधी उतरून खाली थांबावे, म्हणजे वडिलांना पाय ठेवायची खोबण शब्दांत सांगता येते आणि वेळप्रसंगी हाताने त्यांचे पाऊल नेमके त्या खोबणीत बसवता येते. घसाऱ्यावर मात्र अगदी खाली न राहता किंचित बाजूला राहावे, कारण सुटलेला दगड सरळ खालच्या माणसावर येतो. उतरणाऱ्याचे तोंड कातळाकडे असावे आणि दोन हात व दोन पाय यांपैकी तीन आधार सदैव टेकलेले असावेत. हात धरून ओढण्याचा मुलांना वाटणारा मोह प्रेमाचा असला, तरी ओढल्याने समोरच्याचा उरलासुरला तोलही जातो, आणि बहुतेक वडील त्यावर जे खेकसतात ते रास्तच असते.

दिशेची निवडही याच हिशेबाने करावी लागते. रूढ प्रघात तोरण्याकडून राजगडाकडे जाण्याचा आहे. त्यात बुधला माचीखालचा तीव्र, निसरडा उतार अर्धी चाल बाकी असतानाच वाट्याला येतो, पण अखेरीस राजगडावरून पाली दरवाजाच्या रुंद पायऱ्यांनी उतरता येते. उलट दिशेने गेल्यास तो घसारा चढायचा राहतो, जे गुडघ्यांना मानवते, परंतु दमलेल्या पायांनी तोरण्यावरून पायथ्याच्या वेल्हे गावाकडचा लांबलचक उतार शेवटी उतरावा लागतो. गुडघे दुखरे असतील तर दुसरी दिशा, आणि दृष्टी किंवा तोल कच्चा असेल तर पहाटे लवकर निघून पहिली दिशा बरी, असे ढोबळमानाने म्हणता येईल. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळामुळे आणि उन्हाळ्यात उन्हाच्या तापामुळे दोन्ही दिशा सारख्याच त्याज्य ठरतात.

दोन्ही गडांच्या मधल्या खिंडीत डांबरी रस्ता धारेला आडवा जातो. तेथे गाडी बोलावून चाल थांबवता येते, आणि म्हणून तेथवर पोहोचण्याची वेळ सकाळीच ठरवून ठेवावी, म्हणजे ती टळली असता पुढे न जाण्याचा निर्णय घड्याळाचा ठरतो; तो वडिलांना मुलासमोर किंवा मुलाला वडिलांसमोर उच्चारावा लागत नाही.