पैठणीच्या वाटेवरचे जालना

जालन्याची ओळख विचारली की सळई, बियाणे आणि मोसंबी ही नावे झटकन पुढे येतात. विणकामाचा विषय निघाला की मात्र बोट शेजारच्या पैठणकडे जाते. मागावरची पैठणी पाहायला निघालेला माणूस जालन्यात चहापुरताही थांबत नाही. हा क्रम बदलायला हवा. पैठणी समजून घ्यायची तर मागाआधी कोष पाहावा, आणि त्यासाठी जालन्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत २०१८ साली सुरू झालेली रेशीम कोष बाजारपेठ गाठावी. त्याआधी मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कोषांची पोती घेऊन कर्नाटकातल्या रामनगरपर्यंत जावे लागे. कोष हा साठवून ठेवायचा माल नव्हे. आतले पाखरू कोष फोडून बाहेर पडले की सलग धागा गेलाच. त्यामुळे बाजार जितका लांब, तितकी घासाघीस करायची शेतकऱ्याची ताकद कमी.

बाजारात कोष कसा पारखला जातो, ते जवळून बघण्यासारखे आहे. खरेदीदार ढिगातला एखादा कोष उचलून कानाशी हलवतो, एखादा कापून आतला किडा तपासतो, डागाळलेले आणि दुहेरी कोष किती आहेत याचा अंदाज घेतो, मग बोली लावतो. त्या पांढऱ्या बोंडात जवळपास किलोमीटरभर सलग धागा गुंडाळलेला असतो. तो तयार होण्याआधी अळीने पंचवीसेक दिवस तुतीचा पाला खाल्लेला असतो, चार वेळा कात टाकलेली असते आणि शेवटी ती कोष विणण्यासाठी चंद्रिकेवर, म्हणजे बांबूच्या जाळीदार चौकटीवर, चढलेली असते. या काळात अळीवर जगणारी उझी माशी शिरली, उष्मा वाढला किंवा पाला ओला पडला तर त्याची शिक्षा कोषाला होते. एक किलो कच्च्या रेशमासाठी सहा-सात किलो चांगले कोष लागतात. हे कळल्यावर साडीच्या किमतीकडे बघायची नजर बदलते.

जालन्याहून अंबड, पाचोडमार्गे पैठणला पोचले की अशाच धाग्याचा पुढचा प्रवास दिसतो. अस्सल पैठणीचा पदर विणताना प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, वेगळी असते. विणकर ताणे मोजून ती हवी तेवढ्या धाग्यांतून फिरवतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत आणतो. म्हणूनच पदर उलटा केला तरी मोर आणि आसावलीची वेल तितकीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या नकलेत मागच्या बाजूला बहुधा सुटे धागे लोंबतात. दाट नक्षीच्या पदराला महिनोन्‌महिने लागतात. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले ते पैठण आणि येवल्याच्या या कौशल्यावर.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, पैठणला दोन हजार वर्षांची परंपरा असताना नव्या बाजारपेठेची जोड कशाला? उत्तर जुन्या कागदातच आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगर, म्हणजे आजच्या तेरहून कापड भडोचला जात असल्याची नोंद आहे. तेव्हाही एकाच गावाची मक्तेदारी नव्हती. माल, वाट आणि बाजार मिळूनच नाव होत असे. विणकरही एका जागी खिळून राहिले नाहीत. येवल्याची पैठणी पैठणहून नेऊन वसवलेल्या कारागिरांनी उभी केली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जालन्यात विकला गेलेला कोष पैठणच्या मागावर येतोच असे नाही. विणकर बहुतांशी बेंगळुरूचे रेशीम वापरतात आणि जर सुरतेहून येते. हे खरेच आहे. पण त्यातून जालना गैरलागू ठरत नाही, उलट कुठे काम करायला हवे ते दिसते. कोषातून धागा काढणे, त्याला पीळ देणे आणि रंगवणे ही मधली कामे जवळ झाली, तर त्यांची मजुरी याच भागात राहील आणि विणकराला लांबच्या भावावर अवलंबून राहावे लागणार नाही.

बाजार समिती हे काही पर्यटनस्थळ नव्हे, असेही कोणी म्हणेल. सजवलेल्या दालनात माग पाहणे सोयीचे असते हे कबूल. पण तिथे कारागीर देखाव्याचा भाग बनतो, आणि त्याच्या कष्टाचा हिशेब विक्रीच्या पावतीत दिसत नाही. लिलाव पाहून आलेला ग्राहक वेगळे प्रश्न विचारतो: रेशीम कुठले, जर कसली, पदर तिल्लीवर विणलाय की जॅकार्डवर, विणायला किती दिवस लागले? असे प्रश्न विचारणारे ग्राहक वाढले तर यंत्रमागाची नक्कल अस्सलच्या भावात खपवणे अवघड होईल. जालन्यातला अर्धा दिवस एवढ्यासाठी तरी राखून ठेवावा.