वारा पडल्यावरची वीज

पवनचक्कीची अडचण उघड आहे. वारा असतो तेव्हा वीज गरजेपेक्षा जास्त, वारा पडला की काहीच नाही. काही तासांची सोय बॅटरी करते. पण वारा सलग दोन दिवस पडला तर? या प्रश्नाचा प्रत्यक्ष अभ्यास नॉर्वेच्या उत्सिरा बेटावर झाला. उत्तर समुद्रातल्या, सुमारे २०० वस्तीच्या या बेटावर नॉर्स्क हायड्रो आणि एनरकॉन या कंपन्यांनी २००४ साली वारा-हायड्रोजन प्रकल्प सुरू केला. ६०० किलोवॅटच्या दोन पवनचक्क्यांपैकी एक मुख्य ग्रिडला जोडली आणि दुसरी दहा घरांच्या स्वतंत्र जाळ्याला. वारा असो वा नसो, या घरांची वीज जाता कामा नये, ही अट होती.

त्यासाठी जास्तीची वीज हायड्रोजनच्या रूपात साठवली जाई. पहिला टप्पा पाण्याच्या विघटनाचा. इलेक्ट्रोलायझरमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळलेले शुद्ध पाणी असते. त्यातून दिष्ट प्रवाह सोडला की ऋणाग्रापाशी हायड्रोजन सुटतो आणि धनाग्रापाशी ऑक्सिजन; मधला पडदा दोघांना वेगळे ठेवतो. ९ किलो पाण्यातून १ किलो हायड्रोजन मिळतो. उत्सिराचे यंत्र ४८ किलोवॅटचे होते आणि तासाला १० घनमीटर वायू देई. म्हणजे घनमीटरमागे ४.८ युनिट वीज. वाऱ्याच्या चढउतारांचा या यंत्राला त्रास होतो. प्रवाह फार कमी झाला की वायू तयार होतो थोडा, पण पडद्यातून झिरपणारा अंश तेवढाच राहतो; मिश्रण स्फोटक होऊ नये म्हणून यंत्र थांबवावे लागते.

दुसरा टप्पा साठवणुकीचा. हायड्रोजन इतका हलका की घनमीटरभर वायूचे वजन जेमतेम ९० ग्रॅम. म्हणून कॉम्प्रेसरने तो दाबून २०० बारच्या टाकीत भरला जाई. टाकीत २४०० घनमीटर, म्हणजे सुमारे २१५ किलो वायू मावे. इलेक्ट्रोलायझर पूर्ण क्षमतेने चालला तरी ती भरायला दहा दिवस लागत. भरलेल्या टाकीवर घरे सुमारे दोन दिवस चालत. या वायूला वास नाही आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो. म्हणून हायड्रोजन साठवतात तिथे गळती हेरणारे सेन्सर आणि मोकळी हवा यांना पर्याय नसतो.

तिसरा टप्पा परतीचा. उत्सिराला हायड्रोजनवर चालणारे ५५ किलोवॅटचे इंजिन-जनरेटर आणि १० किलोवॅटचा फ्युएल सेल होता. फ्युएल सेलमध्ये वायू जळत नाही. हायड्रोजनमधून सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरतात आणि शेवटी ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी बनते. वारा आणि मागणी यांच्यातला क्षणाक्षणाचा फरक मात्र फ्लायव्हील सांभाळे. कुंभाराच्या चाकासारखे ते आपल्या गतीत ऊर्जा धरून ठेवते आणि लागेल तेव्हा परत देते.

आता हिशोब मांडू. ४.८ युनिट विघटनाला, सुमारे अर्धे युनिट दाबायला: एकूण ५.३. त्यातून मिळालेल्या घनमीटरभर वायूत वापरण्याजोगी ऊर्जा ३ युनिट. फ्युएल सेलने त्यातली निम्मी विजेत आणली तर हाती दीड युनिट. इंजिनाने एक चतुर्थांश आणली तर पाऊणच.

प्रकल्प २००८पर्यंत चालला. वाऱ्याच्या भरवशावर घरांना वीज देता येते हे त्याने दाखवले, आणि फ्युएल सेलचा टिकाऊपणा व यंत्रांची कार्यक्षमता वाढायला हवी हेही. अशा प्रयोगाचे मोल मला या आकड्यांतच वाटते. प्रत्येक टप्प्यावर किती ऊर्जा गेली हे मोजल्याशिवाय कोणते यंत्र आधी सुधारायचे हे कळत नाही. त्यातून वापराचा क्रमही ठरतो: वीज शक्यतो तत्काळ वापरावी, काही तासांसाठी बॅटरीत ठेवावी आणि वारा दीर्घकाळ पडेल त्या वेळेसाठीच हायड्रोजन राखून ठेवावा.