संचालक मंडळ कसे असावे?

सहकारी संस्थेचे बरेवाईट तिच्या संचालक मंडळाच्या हाती असते. १९५० साली लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्याचे अध्यक्षपद शेतकऱ्यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांस दिले. शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील त्यांचे जोडीदार होते. एकास हिशेबाची जाण, दुसऱ्यास बांधाची. दोहोंवाचून मंडळ पांगळे होय.

परंतु नुसती जाण पुरत नाही, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. महसूल खात्यात आम्ही जन्मभर परक्यांच्या बेरजा तपासल्या. पेन्शनीत आल्यावर गावच्या सोसायटीचे संचालक झालो, आणि पहिल्याच सभेत कर्जमंजुरीच्या ठरावावर न वाचता सही केली. कर्जदार शेजारीच बसला होता, भीड पडली. ते कर्ज थकले. पुढे खतासाठी आलेल्या गरीब सभासदास ‘शिल्लक नाही’ असे आम्हांसच सांगावे लागले.

भिडेने केलेली सही दुसऱ्याच्या पोटावर येते. तरी सभासद बंधूंनो, उमेदवाराची भावकी पाहू नका. एवढेच विचारा : थकबाकीदारांत आपला सोयरा असला, तरी ती यादी आपण सभेत मोठ्याने वाचाल काय?