स्थानिक किंमत व संख्येचे विस्तारित रूप

दशमान पद्धतीने लिहिलेल्या संख्येतील अंकास त्याच्या स्थानामुळे जी किंमत प्राप्त होते, तीस त्या अंकाची ‘स्थानिक किंमत’ म्हणतात. ‘दर्शनी किंमत’ मात्र स्थान बदलले तरी तीच राहते. एकक, दशक, शतक, हजार, दशहजार, लक्ष यांपैकी प्रत्येक स्थान आपल्या उजवीकडील स्थानाच्या दसपट असते. उदा., २०११ च्या जनगणनेतील कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या १,७४,२२६ असून तीमधील एका २ ची स्थानिक किंमत २००, तर दुसऱ्याची २० आहे.

सर्व अंकांच्या स्थानिक किंमती बेरजेच्या रूपात मांडल्या म्हणजे संख्येचे ‘विस्तारित रूप’ मिळते. त्याच जनगणनेतील उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ = ५,००,००० + ६,००० + ९० + ८ अशी मांडता येते. येथे दशहजार व शतक या स्थानी शून्य आहे. त्याची स्वतःची किंमत काहीच नसली, तरी त्याच्यामुळे इतर अंक आपापल्या स्थानी राहतात. दोन्ही शून्ये गाळल्यास ५,६९८ ही सर्वस्वी भिन्न संख्या उरते.

नाणेघाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेखांत दहा, शंभर व हजार यांसाठी निराळी चिन्हे आहेत. त्यामुळे तेथे शून्याची गरज भासली नाही. स्थाने उत्तरोत्तर दसपट असल्याचे आर्यभटांनी आर्यभटीयात (इ. स. ४९९) सांगितले आहे.

या पद्धतीत एका अंकाच्या वाचनास किती महत्त्व असते, हे अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलाहारकालीन लेखावरून दिसते. त्यातील शक प्रथम ७८२ असा वाचला गेला. पुढे ९८२ हे वाचन मान्य झाले. दोन्ही वाचनांत दशक व एकक स्थानांचे अंक तेच आहेत. परंतु शतकस्थानी ७ ऐवजी ९ येताच २ × १०० म्हणजे २०० वर्षांचे अंतर पडते आणि लेखाचा काळ इ. स. ८६० ऐवजी १०६० ठरतो. हीच चूक एककस्थानी झाली असती, तर अंतर केवळ दोन वर्षांचे पडले असते.

मराठीत ‘अठ्ठ्याण्णव’ म्हणताना एकक आधी उच्चारला जातो, लिहिताना मात्र दशक आधी येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’ असे वाचन दिले गेले, तेव्हा त्यावर वाद झाला. वाचन कोणतेही असो, ९८ = ९० + ८ हे विस्तारित रूप बदलत नाही; हातच्याची बेरीज व वजाबाकी यांचा आधार तेच होय.