दोन जागांचा गडी

‘‘तुला धड एक काम येत नाही!’’ हे वाक्य मी माझ्या पुतण्याला किती वेळा ऐकवले असेल, त्याची मोजदाद नाही. विहिरीवरची मोटर बिघडली की बोलवा त्याला. मक्याचा हिशेब अडला की बोलवा त्याला. गल्लीतल्या लग्नात वाढपी कमी पडले की पंगतीत हाच. पण ‘‘तू करतोस काय?’’ असे कोणी विचारले, तर सांगायला एक नाव नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या धंद्याला नाव आहे. तेवढ्यावर उपदेशाचा अधिकार आपल्याला आपोआप मिळाला, अशी माझी समजूत होती. तो अधिकार कसा गेला, त्याची ही हकिगत. आणि ती आहे क्रिकेटच्या एका वहीची.

वहीचा जन्म काही शुभ मुहूर्तावर झाला नाही. मोबाइलवर कागदी संघ निवडायचे आणि त्यावर पैसे लावायचे, या नादात चिरंजीवांनी बियाण्याला ठेवलेली रक्कम घालवली. अशा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये झाला; आमच्या पिशोरच्या घरात ती बंदी त्याआधीच लागू झाली होती. पण नुसत्या बंदीने नाद सुटत नाही, त्याला दुसरी वाट काढून द्यावी लागते. म्हणून मी दोनशे पानी वही आणली. खेळणारे आम्ही पाच जण. पैशाचे नाव नाही. हरेल त्याने सगळ्यांना चहा-भजी द्यायची, एवढाच दंड.

नियम पुतण्यानेच केले, आणि ते आणले थेट अमेरिकेहून. तिकडे डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखकाने १९८० साली न्यूयॉर्कमधल्या एका उपाहारगृहात मित्रांची मंडळी जमवून बेसबॉलचे असे कागदी संघ सुरू केले. खरे खेळाडू मैदानावर खेळतात आणि त्यांच्या कामगिरीवर तुमचा वहीतला संघ जिंकतो किंवा हरतो. यात खोच अशी की, संघातली प्रत्येक जागा ठरलेली असते, आणि ज्या जागी खेळाडू खरोखर काही सामने खेळला असेल, त्याच जागी त्याला वहीत उभे करता येते. दोन-तीन जागी खेळलेला खेळाडू अर्थात दोन-तीन जागी चालतो.

आमच्या वहीतही आयपीएलचे गडी, दोन सलामीवीर, एक यष्टिरक्षक, अशी खानेसुमारी झाली. राखीव गडी दोनच. एकाने घेतलेला गडी दुसऱ्याला नाही. पाळीपाळीने निवड सुरू झाली आणि मी पहिल्याच पाळीला एक नामांकित सलामीवीर उचलला. पुतण्याने उचलला सलामीलाही येणारा आणि यष्टीमागेही उभा राहणारा एक गडी. धावांत माझ्या गड्याहून कमी. मी मिशीत हसलो.

‘‘अरे, माझा सामन्याला चाळीस धावा करतो, तुझा चौतीस!’’

‘‘काका,’’ तो म्हणाला, ‘‘तुम्ही गडी मोजता. मी जागा मोजतो.’’

त्याचा हिशेब त्याने वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवला. आकडे समजुतीपुरते घ्या. दहा संघांत सलामीवीर वीस असतात. चांगले संपले तरी बत्तीस धावांचा कोणी ना कोणी उरतोच. यष्टिरक्षक मात्र दहाच, आणि त्यांतले कित्येक सहाव्या-सातव्या क्रमांकावर येणारे. त्यांच्या वाट्याला खेळायला चेंडूच किती येणार! चांगला गेला की मागे उरतो अठरा धावांचा. आता बेरीज करा. माझे चाळीस आणि यष्टिरक्षकाचे अठरा, झाले अठ्ठावन्न. त्याचे यष्टीमागचे चौतीस आणि उरलेल्या सलामीवीराचे बत्तीस, झाले सहासष्ट. माझा गडी सहा धावांनी सरस, आणि मी आठ धावांनी मागे! तोच गडी सलामीवीरांच्या रांगेत सामान्य, पण यष्टिरक्षकांच्या रांगेत अव्वल. रांग बदलली की किंमत बदलते.

पुढे हंगामाच्या मध्यावर माझा सलामीवीर दुखापत होऊन बसला. माझे राखीव दोघेही गोलंदाज. जागा रिकामी, म्हणजे शून्य. त्याच आठवड्यात पुतण्याचाही सलामीवीर बसला. त्याने यष्टीमागचा गडी सलामीला सरकवला आणि राखीवातला यष्टिरक्षक आत घेतला. कुठेही भोक पडले नाही. भजी अर्थातच मी दिली.

ही करामत वहीपुरतीच असती तर मी ती विसरूनही गेलो असतो. पण मैदानावरचा दाखला त्याहून जुना आहे. एकनाथ सोलकर आठवा. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची निगा राखणाऱ्याचा हा मुलगा. २७ कसोटी, १,०६८ धावा, एकच शतक, बळी अवघे १८. असल्या आकड्यांवर त्याला वहीत कोण घेईल? पण १९७१ चा ओव्हलचा सामना पाहा. नवा चेंडू टाकायला अबिद अली आणि सोलकर, आणि दोघेही फलंदाजी करणारे. म्हणूनच अजित वाडेकरांना बेदी, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे तिन्ही फिरकी गोलंदाज खेळवता आले आणि फलंदाजीही लंगडी पडली नाही. सोलकरने पहिल्या डावात २८ धावांत ३ बळी घेतले, ४४ धावा काढल्या, आणि दुसऱ्या डावात फलंदाजाच्या पुढ्यात उभे राहून ॲलन नॉटचा तो प्रसिद्ध झेल घेतला. चंद्रशेखरने ६ बळी घेतले. इंग्लंडच्या भूमीवर भारताने पहिली कसोटी जिंकली. चंद्रशेखरचे बळी चंद्रशेखरच्याच नावावर जमा आहेत, ते योग्यच आहे. पण त्याच्यासाठी संघात जागा करून देणाऱ्यांच्या नावावर त्यातले काही जमा होत नाही.

मात्र कोणालाही कुठेही उभे केले की भागते, असे नव्हे. १९६७ साली बर्मिंगहॅमला आपण चार फिरकी गोलंदाज घेऊन उतरलो आणि नवा चेंडू टाकायला हाताशी धड माणूस नाही म्हणून बुधी कुंदरन या एरवी यष्टीमागे उभे राहणाऱ्या फलंदाजाच्या हाती तो द्यावा लागला. सामना १३२ धावांनी गेला. ज्या जागी उभे राहायचे, तिथले काम थोडे तरी यायला हवे. आणि दोन जागांचा गडीसुद्धा एका वेळी एकच जागा भरतो. अकराही तसलेच घेतले, तर शतक कोण काढणार? संघात असे एक-दोन असावेत, पण असावेतच.

यंदाच्या श्रावणात माझे थोरले बंधू आठ दिवस संभाजीनगरला दवाखान्यात होते. म्हशींच्या धारा, डेअरीचे दूध, मक्याची फवारणी, दवाखान्यातला डबा, रात्रीची जाग! या सगळ्या जागांवर एकच गडी सरकत होता. मी रजा टाकून गेलो होतो. पण मला धार काढता येत नाही, फवारणीचा पंप पाठीवर पेलत नाही, आणि दवाखान्यात बसायला तो आधीच होता. मी व्याकरणाचा तज्ज्ञ. आठ दिवसांत कोणी व्याकरण विचारले नाही.

परवा एक पाहुणे आले होते. चहा घेता घेता त्यांनी विचारले, ‘‘पोरगा काय करतो म्हणालात?’’

‘‘सांगतो,’’ मी म्हणालो, ‘‘पण जरा वेळ लागेल. बसा.’’