भूक मारायची की भागवायची?

दुपारचे चार वाजले की जुळे सोलापुरात कोपऱ्याकोपऱ्यावर कढईत भजी पडू लागतात. जेवून तीन तासही झालेले नसतात, तरी आपला हात चिवड्याच्या डब्याकडे जातो. ही भूक की तल्लफ?

परवा शेजारची बारावीतली मुलगी आम्हांला म्हणाली, "काका, कोरियन चहा घेतला की अरबटचरबट खाणे सुटते म्हणतात. खरे का?" बोलता बोलता कळले, की पंधरा दिवसांपासून ती शाळेतला डबा न खाताच परत आणत होती. तेव्हा प्रश्न नीट सोडवायला हवा.

आपल्याकडचा 'च्या' आणि कोरियन 'चा' या दोन्ही शब्दांचे मूळ चिनी भाषेत आहे. मात्र पुष्कळशा कोरियन 'चा'मध्ये चहाची पत्ती नसतेच. 'बोरीचा' म्हणजे भाजलेल्या सातूचे, म्हणजे बार्लीचे, उकळलेले पाणी. 'ओक्सुसुचा' म्हणजे भाजलेल्या मक्याचे. धान्य भाजताना त्यातील शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात क्रिया होऊन तपकिरी रंग व खमंग वास येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. शेंगा भाजताना किंवा भाकरी शेकताना घडते ती हीच क्रिया. अशा पाण्यात उष्मांक जवळजवळ नसतात. 'युजाचा' मात्र साखरेत किंवा मधात मुरवलेल्या फळाचा असतो. पारंपरिक म्हणजे बिनसाखरेचे, असे समजू नये.

आता पोटात काय घडते ते पाहू. रिकाम्या जठरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक स्रवते व मेंदूला भुकेची वर्दी देते. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ मध्ये शोधले. नेहमीच्या जेवणवेळेच्या आधी त्याचे प्रमाण वाढते. म्हणजे सवयीची वेळ शरीरही ओळखते. जठर ताणले गेले, की 'पोट भरले' असा संदेश मज्जातंतूंमार्फत जातो. पण साधे पाणी जठरातून भराभर पुढे सरकते. साधारण पाव तासात निम्मे निघून जाते. म्हणून कपभर चहाने आलेले समाधान फार टिकत नाही.

मग उपयोग काहीच नाही का? आहे. तल्लफ थोडा वेळ जोर करते आणि ओसरते. गरम पेय घोटघोट पिताना तो वेळ निघून जातो, तोंडाला चवही मिळते. हे काम बोरीचा करील, तसाच आपला गवती चहाही करील. साखर मात्र नको. दोन चमचे साखर म्हणजे सुमारे १० ग्रॅम, ४० किलोकॅलरी. असे तीन कप घेतले तर ३० ग्रॅम साखर होते. वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत असल्यास अधिक बरे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवले आहे.

खऱ्या भुकेचे काय? अमेरिकेत बार्बारा रोल्स व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. जेवणाआधी काही स्त्रियांना एक पदार्थ दिला. दुसऱ्या दिवशी तोच पदार्थ आणि सोबत पेलाभर पाणी. आणखी एका दिवशी तेवढेच पाणी त्या पदार्थात शिजवून केलेले सूप. सूप घेतल्यावर त्या पुढे कमी जेवल्या. सोबत प्यायलेल्या पाण्याने फरक पडला नाही. आपली ज्वारीची आंबील ही अशीच, अन्नात शिजलेले पाणी! मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आंबिलीसाठी धान्य शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही.

वाढत्या वयातील मुलांनी भूक मारणे तर धोक्याचेच. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्यात पत्तीच्या चहातील टॅनिने धान्य-भाज्यांतील लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. म्हणून जेवणाला जोडून चहा नको. तासभर अंतर ठेवावे.

शिक्षकांनी आपल्या खोलीत एक प्रयोग करून पाहावा. रोज चार वाजता वजन केलेला चिवडा ठेवावा. एक दिवस आधी काहीच घेऊ नये, दुसऱ्या दिवशी पाव तास आधी कपभर गरम पाणी घ्यावे, तिसऱ्या दिवशी बिनसाखरेचा गवती चहा. उरलेला चिवडा तोलावा. हे चक्र चार वेळा करावे आणि सरासरी काढावी. गरम पाणी कशासाठी? परिणाम गवती चहाचा की नुसत्या गरम घोटांचा, हे वेगळे कळावे म्हणून. आकडे विद्यार्थ्यांना द्यावेत. आलेख त्यांनी काढावा.

शेजारच्या मुलीला आम्ही सांगितले: आधी डबा खा. चारला चिवडा आठवला तर गवती चहा घे. पाव तासाने आठवण गेली तर ती तल्लफ होती. पोटात कालवाकालव राहिली तर ती भूक. ती भागवायची असते.