भाड्याचे घर आणि सर्वांचा शेजार

घर स्वतःचे असेल, तर ते कोणाला भाड्याने द्यावे हे मालकानेच ठरवावे. त्यात शेजाऱ्यांचा काय संबंध? असे आपल्याला सहज वाटते. एकट्या उभ्या असलेल्या घराच्या बाबतीत ते बरेचसे खरेही आहे. पण जेथे अनेक कुटुंबे मिळून एक वसाहत चालवतात, तेथे प्रश्न इतका सोपा राहत नाही. तो कसा सोडवतात, हे आपण या पाठात पाहू.

डेन्मार्क हा युरोपातील एक छोटा देश आहे. तेथे 1960 नंतरच्या दशकात यान गुडमन-हॉयर नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने आणि त्याच्या मित्रांनी एक नवा विचार मांडला. शहरात शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. मग ओळखीची माणसे एकत्र येऊन वसाहतच का बांधू नये? या विचारातून 1972 मध्ये सेटेडामेन ही 27 कुटुंबांची वसाहत उभी राहिली. अशा वसाहतीत प्रत्येकाचे घर वेगळे असते, प्रत्येकाचे स्वयंपाकघरही वेगळे असते. शिवाय सर्वांचे मिळून एक सामाईक घर असते. तेथे रहिवासी पाळीपाळीने स्वयंपाक करतात आणि एकत्र जेवतात. अंगण झाडणे, बाग राखणे, हिशेब ठेवणे ही कामेही वाटून घेतात. अमेरिकेत ही कल्पना पोहोचली तेव्हा तिला ‘को-हाउसिंग’ हे नाव मिळाले. कॅलिफोर्नियातील डेव्हिस या गावी 1991 मध्ये म्यूर कॉमन्स ही 26 घरांची वसाहत सुरू झाली. मराठीत आपण तिला ‘सहनिवास’ म्हणू.

आता समजा, सहनिवासातील एका शिक्षिकेची दोन वर्षांसाठी दुसऱ्या गावी बदली झाली. तिला घर विकायचे नाही. घराला कुलूप लावले, तर कर्जाचा हप्ता कोण भरणार? आणि स्वयंपाकाची तिची पाळी कोण घेणार? अशा वेळी घर भाड्याने देणे सर्वांच्याच सोयीचे असते.

पण याची दुसरी बाजूही पाहा. निम्म्या मालकांनी घरे भाड्याने दिली आणि ते दूर राहायला गेले, तर काय होईल? सामाईक घराचे छप्पर गळते आहे. दुरुस्तीसाठी सभा भरते. दूरचा मालक म्हणतो, “खर्च फार आहे, पुढच्या वर्षी पाहू.” छपराखाली बसून जेवणाऱ्या भाडेकरूला मात्र मत नाही. ज्याला त्रास आहे त्याला मत नाही आणि ज्याला मत आहे त्याला त्रास नाही! येथेच नियमांची गरज निर्माण होते.

असे नियम करताना साधारणपणे चार प्रश्न विचारले जातात.

पहिला प्रश्न : मालकाने आधी किती काळ स्वतः राहावे? काही ठिकाणी निदान एक वर्ष राहण्याची अट असते. त्यामुळे केवळ भाडे कमावण्यासाठी घर घेणारे दूर राहतात.

दुसरा प्रश्न : एका वेळी किती घरे भाड्याने द्यावीत? अमेरिकेत कर्ज देणाऱ्या संस्था वसाहतीतील किती घरांत मालक स्वतः राहतात, हेही पाहतात. म्हणून या मर्यादेचा संबंध सर्वांच्या खिशाशी येतो.

तिसरा प्रश्न : मुदत किती असावी? चार दिवसांच्या पाहुण्याला शेजाऱ्यांची नावेही कळत नाहीत. वर्षभर राहणारा माणूस मात्र शेजारी होतो.

चौथा प्रश्न : काम कोणी करावे आणि मत कोणी द्यावे? काही वसाहती भाडेकरूला कामाची पाळी देतात, सभेत बोलू देतात आणि रोजच्या बाबींत मतही देऊ देतात. मोठ्या खर्चाचा निर्णय मात्र मालक घेतात.

या चारही प्रश्नांत भाडेकरू कोण आहे, हे कोठेच विचारलेले नाही, हे तुमच्या लक्षात आले का? अमेरिकेत 1968 च्या कायद्याने वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश पाहून घर नाकारण्यास मनाई केली. पुढे स्त्री-पुरुष भेद, अपंगत्व आणि घरात लहान मुले असणे या कारणांचाही त्यात समावेश झाला. ‘रात्री दहानंतर मोठ्याने गाणी लावू नयेत’ हा नियम आहे, कारण तो वागणुकीविषयी आहे आणि सर्वांना सारखा लागू आहे. ‘अमक्या लोकांना घर नको’ हा नियम नव्हे, ती भिंत आहे.

भाडेकरू वसाहतीशी एकरूप होत नाहीत, असा काहींचा समज असतो. डेन्मार्कमध्येच 1978 च्या सुमारास बांधलेल्या टिंगगोर्डेन या वसाहतीने तो खोटा ठरवला. तेथील घरे भाड्याचीच आहेत. तरीही घरांच्या प्रत्येक गटाला स्वतःचे सामाईक घर आहे आणि रहिवासीच त्याची व्यवस्था पाहतात.

आपल्या महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणजे सहनिवास नव्हे. तेथे एकत्र स्वयंपाक होत नाही. पण जिना, गच्ची, पाण्याची टाकी सर्वांची असते. म्हणून भाड्याचा प्रश्न तेथेही येतो. भाडेकरू म्हणजे तुमच्या उर्दूतील किरायेदार. मालक, करार, मुदत, हक्क, कायदा, तक्रार हे शब्द तर दोन्ही भाषांत आहेत!

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार भाड्याचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. करार नोंदलेला नसेल, तर भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. मालकाने घर भाड्याने दिले असेल, तर संस्था त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते. काही संस्था हे शुल्क मनाला येईल तसे घेत. म्हणून 2001 मध्ये शासनाने त्याची मर्यादा सेवाशुल्काच्या 10 टक्के ठरवली. सेवाशुल्क 1,500 रुपये असेल, तर हे शुल्क 150 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही.

तरीही आपल्याकडे कित्येकदा नाव ऐकताच “घर गेले” असे उत्तर मिळते. कोणाला आडनावामुळे, कोणाला खाण्यापिण्यामुळे, तर कोणाला अविवाहित असल्यामुळे घर नाकारतात. घर शोधणारा विद्यार्थी किंवा नोकरदार अशा वेळी रस्त्यावर उभा राहतो. चांगला नियम त्याच्याही बाजूने असतो. तो आधी लिहिलेला असतो, सभेत मंजूर झालेला असतो, आणि घर पाहायला येणाऱ्याला दारातच वाचून दाखवता येतो. जो नियम समोरच्या माणसाला वाचून दाखवण्याची लाज वाटते, तो करूच नये.

स्वाध्याय

1. सहनिवास आणि गृहनिर्माण संस्था यांतील साम्य व फरक सांगा.
2. ‘ज्याला त्रास आहे त्याला मत नाही’ हे वाक्य उदाहरण देऊन स्पष्ट करा.
3. तुमच्या इमारतीसाठी किंवा मोहल्ल्यासाठी भाडेकरूंविषयी तीन नियम लिहा. प्रत्येक नियमाचे कारण द्या.